बादली, डेझी आणि दाराचा खिळा : इंग्रजीतले मरणाचे वाक्प्रचार आले कुठून?

'बकेट लिस्ट' हा शब्द आता मराठीत पक्का रुळला आहे. लडाखची बाईक ट्रिप, राजगडावरचा मुक्काम, एकदा तरी पायी वारी... कुणीही सहज म्हणून जातं, "हे माझ्या बकेट लिस्टवर आहे." २०१८ साली याच नावाचा मराठी चित्रपटही आला, माधुरी दीक्षितचा पहिला मराठी चित्रपट. त्यातल्या गृहिणीला एका मृत तरुणीचं हृदय बसवलेलं असतं आणि ती त्या मुलीच्या राहून गेलेल्या इच्छा पुऱ्या करायला निघते. शब्दाच्या आत दडलेलं मरण त्या कथेनं नेमकं पकडलं होतं. रोजच्या बोलण्यात आपण ते विसरतो. ही बकेट म्हणजे इच्छांनी भरलेली बादली नव्हे. इंग्रजीत मरण्याला 'किक द बकेट' म्हणतात, त्यातली ती बादली. त्या बादलीला लाथ बसायच्या आत करून घ्यायच्या कामांची यादी म्हणजे बकेट लिस्ट. यादीचा हा शब्द तसा अगदी नवा. २००७ सालच्या याच नावाच्या हॉलिवूडपटामुळे तो जगभर पोचला.

लाथेचा वाक्प्रचार मात्र सव्वादोनशे वर्षांहून जुना आहे. आणि मरणाचा बादलीशी संबंध काय, हा प्रश्न इंग्रजी बोलणाऱ्यांनाही इतकीच वर्षं पडलेला आहे.

१७८५ साली लंडनमध्ये एक आगळा शब्दकोश छापला गेला. त्याचा कर्ता फ्रान्सिस ग्रोस. हा फौजेतला कॅप्टन, जुन्या वास्तूंचा अभ्यासक, अंगानं चांगलाच स्थूल आणि गप्पांचा शौकीन. शिष्ट इंग्रजीचा मोठा कोश डॉ. सॅम्युअल जॉन्सननं १७५५ मध्येच केला होता. ग्रोसला हवे होते ते शब्द जॉन्सनच्या दिवाणखान्यात येत नव्हते. चोर, सैनिक, खलाशी, बाजारातल्या बायका, गुत्त्यावरची माणसं यांच्या तोंडचे शब्द त्यानं गोळा केले. त्यासाठी तो रात्री लंडनच्या गल्ल्या पालथ्या घालायचा असं सांगतात. (मराठीचं नशीबही एका फौजी कॅप्टननंच उजळलं. मोल्सवर्थचा १८३१ चा कोश अजूनही बोलीतल्या शब्दांसाठी उघडावा लागतो.) ग्रोसच्या कोशात 'टु किक द बकेट' अशी नोंद आहे आणि पुढे सरळ अर्थ दिला आहे : मरणे. बादलीचं कारण त्यानं सांगितलेलं नाही. तेव्हा तो इतका रुळलेला शब्द असावा की कारण सांगायची गरज त्याला वाटली नसेल.

पुढे लोकांनी कारणं शोधली. सगळ्यांत जास्त ऐकू येणारी कथा फाशीची. माणूस बादली उलटी ठेवून तिच्यावर उभा राहतो, गळ्यात दोर घालतो आणि पायाखालची बादली लाथेनं उडवतो. ही कथा डोळ्यांसमोर चटकन उभी राहते, म्हणूनच ती टिकली आहे. पण तिच्यात एक मोठी खोट आहे. 'किक द बकेट' हा वाक्प्रचार कधीच खास आत्महत्येसाठी वापरलेला दिसत नाही. म्हातारपणानं गेलेला, तापानं गेलेला, घोड्यावरून पडून गेलेला, सगळ्यांना तो सारखाच लागू होतो. फाशीतून जन्मलेल्या शब्दावर फाशीची काहीतरी खूण राहायला हवी होती.

दुसरी कथा इतकी नाट्यमय नाही, पण अभ्यासकांना तीच जास्त पटते. इंग्लंडच्या काही भागांत, विशेषतः नॉरफोकच्या बोलीत, 'बकेट' हा शब्द आडव्या लाकडी तुळईलाही वापरत. या अर्थाचा 'बकेट' बहुधा जुन्या फ्रेंचमधून आला, पाणी भरायच्या बादलीशी त्याचं नातं नाही. शेक्सपिअरच्या 'हेन्री फोर्थ'च्या दुसऱ्या भागात फॉल्स्टाफच्या तोंडी हा शब्द ओझं टांगायच्या दांड्यासाठी आला आहे. खाटकाच्या पडवीत ही तुळई असायची. डुकराचे मागचे पाय घोट्याशी बांधायचे, त्याला तुळईला उलटं टांगायचं, डोकं खाली, आणि गळा कापायचा. जनावर मरतं तेव्हा त्याच्या अंगाला शेवटचे झटके येतात. त्या झटक्यांत पाय तुळईवर आपटतात, लाकडावर खुरांचा टकटक आवाज होतो, मग तोही थांबतो. गावात दर हिवाळ्याच्या तोंडाशी हे दृश्य दिसायचं, पोराबाळांनीही पाहिलेलं असायचं. 'बकेटला लाथ मारली' म्हणजे संपला, हे त्या लोकांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. पुढे माणसं गावं सोडून शहरात आली, तुळईचा शब्द मागे पडला, आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बादली उभी राहिली. बादलीचं कोडं पडल्यावर ते सोडवायला फाशीची कथा रचली गेली असावी.

या वाक्प्रचाराची आणखी एक गंमत व्याकरणाची आहे आणि भाषेच्या वर्गात ती हमखास शिकवली जाते. 'ही किक्ड द बकेट' म्हणजे तो मेला. पण तेच वाक्य फिरवून 'द बकेट वॉज किक्ड बाय हिम' केलं की मरण गायब होतं आणि खरीखुरी बादली उरते. शिवाय 'तो तीन आठवडे मरणपंथाला लागला होता' हे इंग्रजीत 'डाय' वापरून म्हणता येतं, 'किक द बकेट' वापरून नाही. लाथ एकदाच बसते. हे समजायला मराठी माणसाला अवघड नाही, कारण आपल्याकडे हुबेहूब असंच घडतं. 'त्यानं राम म्हटला' म्हणजे तो गेला. 'तो राम म्हणत होता' म्हणजे मात्र तो नामस्मरण करत होता, चांगला जिवंत होता. वाक्प्रचार हा असा ठरलेल्या साच्यातच जिवंत राहतो.

बादलीवर इतकं रेंगाळलो, कारण पुढच्या जवळजवळ प्रत्येक वाक्प्रचाराला हीच परीक्षा लावावी लागते. शब्द पहिल्यांदा लिहिलेला कुठे सापडतो, कोणत्या साली, आणि तो कोणाच्या तोंडी होता? सांगितली जाणारी कथा त्या सालाशी जुळते का? कथा पंधराव्या शतकातली आणि शब्द विसाव्या शतकातला असेल, तर मधली पाचशे वर्षं तो होता कुठे?

ही परीक्षा न लावल्यामुळे काय होतं, त्याचा नमुना १९९९ सालचा आहे. त्या वर्षी 'लाइफ इन द फिफ्टीन हंड्रेड्स' नावाचा एक ईमेल जगभर फिरला. त्यातले तुकडे आजही व्हॉट्सअॅपवर फॉरवर्ड होऊन येतात. त्यात म्हटलं होतं की जुन्या इंग्लंडात दफनभूमीला जागा कमी पडायची म्हणून जुन्या शवपेट्या उकरून काढत, तेव्हा काही पेट्यांना आतून ओरखडे दिसले. माणसं जिवंत पुरली जात होती. मग प्रेताच्या मनगटाला दोरी बांधून ती वर एका घंटेला जोडू लागले आणि रात्रभर कबरीपाशी पहारा ठेवू लागले. म्हणे त्यातूनच रात्रपाळीला 'ग्रेव्हयार्ड शिफ्ट', थोडक्यात वाचण्याला 'सेव्ह्ड बाय द बेल' आणि हुबेहूब दिसणाऱ्या माणसाला 'डेड रिंगर' हे शब्द मिळाले.

यातला एकही शब्द तिथून आलेला नाही. 'सेव्ह्ड बाय द बेल' मुष्टियुद्धातला आहे. मार खाऊन पडायच्या बेतात असलेला मुष्टियोद्धा फेरी संपल्याची घंटा झाली की वाचतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फेऱ्या घड्याळावर खेळल्या जाऊ लागल्या, तेव्हाचा तो शब्द. 'रिंगर' हा अमेरिकेतल्या घोड्यांच्या शर्यतीतला, खऱ्या घोड्याच्या जागी लबाडीनं उतरवलेला तसाच दिसणारा घोडा. 'डेड' म्हणजे तिथे 'अगदी', 'तंतोतंत'. 'ग्रेव्हयार्ड शिफ्ट' ही मध्यरात्रीची सामसूम पाळी, तीही अमेरिकेतली आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाकडची. तिला स्मशानाची शांतता पुरते, घंटेची राखण लागत नाही.

तरीही त्या ईमेलमधली भीती मात्र खरी होती आणि ती मला या सगळ्या खोट्या कथांपेक्षा जास्त हलवते. जॉर्ज वॉशिंग्टननं १७९९ मध्ये मरणशय्येवर आपल्या सचिवाला बजावलं होतं की मी गेल्यावर तीन दिवसांच्या आत मला पुरू नका. नाडी आणि श्वास बघण्यापलीकडे मृत्यू ओळखायचं साधन तेव्हा डॉक्टरांकडे नव्हतं. एकोणिसाव्या शतकात कॉलऱ्याच्या साथींत प्रेतं घाईघाईनं पुरली जात, तेव्हा ही भीती आणखी वाढली. १८६८ मध्ये अमेरिकेतल्या न्यूअर्कच्या फ्रान्झ व्हेस्टर याला खरोखरच घंटेच्या शवपेटीचं पेटंट मिळालं. तिला वर येणारी नळी होती, आत शिडी होती, हाताशी दोरी होती. म्हणजे घंटा होती, दोरी होती, भीती होती. फक्त त्यातून हे शब्द आले नाहीत. खोटी व्युत्पत्ती अशीच तयार होते, दोन खऱ्या गोष्टी घेऊन त्यांच्यामध्ये नसलेला पूल बांधायचा.

'सिक्स फीट अंडर' या शब्दाचंही थोडं तसंच आहे. म्हणजे सहा फूट जमिनीखाली, पुरलेला, मेलेला. १६६५ मध्ये लंडनमध्ये प्लेगनं हाहाकार माजवला. त्या वर्षी शहराच्या अधिकृत नोंदींत प्लेगचे ६८,५९६ बळी आहेत. साथीच्या काळात लंडनच्या लॉर्ड मेयरनं हुकूम काढला की कबर किमान सहा फूट खोल हवी. डॅनिएल डिफोनं १७२२ मध्ये त्या साथीवर पुस्तक लिहिलं, त्यात हा हुकूम छापलेला आहे. त्यामुळे सहा फुटांचा आकडा लोकांच्या डोक्यात कुठून बसला हे कळतं. पण मरणाचा बोलीतला शब्द म्हणून 'सिक्स फीट अंडर' विसाव्या शतकातच दिसू लागतो. आकडा जुना, वाक्प्रचार नवा.

आता त्या शब्दांकडे येऊ, जे मरण रोज बघणाऱ्यांनी घडवले.

'पुशिंग अप डेझीज' म्हणजे डेझीची फुलं खालून वर ढकलणं. डेझी हे इंग्लंडच्या गवतात आपोआप उगवणारं, पांढऱ्या पाकळ्यांचं, पिवळ्या मध्याचं लहानसं फूल. चर्चच्या आवारात कबरींवर गवत असतं आणि गवतात डेझी असतातच. मेलेला माणूस खाली पडून फुलं उगवतोय, अशी ती कल्पना. फ्रेंचांची याच जातीची एक म्हण आहे, 'डँडेलियनची झाडं मुळाकडून खाणं'. मेलेला माणूस झाडाच्या खालच्या बाजूला असतो, तेव्हा खाणार तर मुळापासूनच. इंग्रजीत डेझीखाली जाण्याचे वेगवेगळे शब्द एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून सापडतात. त्याहीआधी, १८२१ मध्ये, कवी जॉन कीट्स रोममध्ये क्षयानं झिजत होता, वय अवघं पंचवीस. आपल्यावर फुलं उगवत असल्याचं आत्ताच जाणवतंय, असं तो शेवटच्या दिवसांत म्हणाल्याचं त्याच्याजवळ असलेल्या सेव्हर्न या मित्रानं लिहून ठेवलं आहे.

पण 'पुशिंग अप डेझीज' घट्ट रुजला तो पहिल्या महायुद्धाच्या खंदकांत. विल्फ्रेड ओवेन या सैनिक-कवीच्या एका कवितेत हे शब्द येतात. मरणाच्या दारातला एक अधिकारी बोलतोय आणि म्हणतोय की साध्या शिपायांचा हाच तर धर्म आहे. ओवेननं हा शब्द रचला नाही, त्यानं तो आजूबाजूला ऐकला आणि तसाच ठेवला. ४ नोव्हेंबर १९१८ ला फ्रान्समध्ये एक कालवा ओलांडताना तो मारला गेला. त्याचंही वय पंचवीस होतं. युद्ध संपायला एक आठवडा उरला होता. तो गेल्याची तार त्याच्या आईला मिळाली ती ११ नोव्हेंबरला, श्रूजबरीत युद्धसमाप्तीच्या घंटा वाजत असताना. डेझीचा विनोद कोणत्या तोंडांतून आला हे कळल्यावर तो हलका राहत नाही.

याच खंदकांत 'गॉन वेस्ट' चालायचा, म्हणजे पश्चिमेला गेला. कोणी सांगतं की लंडनच्या न्यूगेट तुरुंगातून कैद्यांना गाडीत घालून पश्चिमेकडे टायबर्नला, म्हणजे आजच्या मार्बल आर्चजवळ, फाशी द्यायला नेत, त्यावरून हा शब्द आला. पण टायबर्नची फाशी १७८३ मध्ये बंद झाली आणि शब्दाची चलती झाली ती १९१४ नंतर. पुन्हा सालांचा घोळ. सूर्य मावळतो ती दिशा, एवढं कारणही पुरेसं आहे. आपल्याकडे यमाची दिशा दक्षिण, म्हणून दक्षिणेकडे पाय करून झोपू नये असं घरात सांगतात. त्यांच्याकडे मरण मावळतीला. त्याच शिपायांच्या तोंडी आपला 'विलायती' हा शब्दही 'ब्लायटी' होऊन बसला होता. हिंदुस्थानात चाकरी केलेल्या गोऱ्या पलटणींनी तो नेला. ब्लायटी म्हणजे घर, इंग्लंड. जीव जाणार नाही पण घरी पाठवावंच लागेल अशी जखम झाली की तिला 'ब्लायटी' म्हणत आणि शिपाई ती होण्याची वाट बघत.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात मेलेल्याला 'मेला' म्हणत नसत. 'ही हॅज गॉन फॉर अ बर्टन', बर्टन आणायला गेलाय. छापील मजकुरात हा १९४१ पासून सापडतो. बर्टन म्हणजे काय, यावर तीन तर्क आहेत. बर्टन-अपॉन-ट्रेंट हे बिअरसाठी नावाजलेलं गाव, तेव्हा एक बिअर प्यायला गेलाय. किंवा माँटेग्यू बर्टन ही सुटांची मोठी दुकानांची साखळी, तेव्हा नवा सूट शिवायला गेलाय. किंवा त्या दुकानांच्या वरच्या मजल्यांवरच्या बिलियर्ड हॉलमध्ये वायरलेसच्या परीक्षा होत, तिथे नापास झाला. तिन्ही तर्क युद्ध संपल्यावर मागे वळून केलेले आहेत आणि एकाचाही छापील पुरावा नाही. मला बिअरचा तर्क सोपा म्हणून पटतो, त्यापलीकडे त्याला आधार नाही.

हा शब्द का लागत होता, याला मात्र पुरावा लागत नाही. ब्रिटिश बॉम्बर कमांडच्या सुमारे सव्वा लाख वैमानिक-कर्मचाऱ्यांपैकी ५५,५७३ जण मारले गेले. शंभरातले चव्वेचाळीस. रात्री जेवणाच्या टेबलावर समोर बसलेला सकाळी न्याहारीला नसायचा, त्याचं कपाट रिकामं केलेलं असायचं आणि त्याच संध्याकाळी पुन्हा उड्डाण असायचं. अशा ठिकाणी 'तो मेला' असं रोज म्हणत राहिलं तर पुढच्या उड्डाणाला पाय निघणार नाही. 'तो बर्टनला गेलाय' म्हटलं की तो नुसता बाहेर गेलाय. हे शब्द मेलेल्याची थट्टा करायला नव्हते. जे उरले होते त्यांना विमानात चढता यावं म्हणून होते.

अमेरिकन वैमानिकांचा शब्द होता 'बॉट द फार्म', शेत विकत घेतलं. तो १९५० च्या दशकात छापलेला दिसतो. विमान शेतात कोसळतं, शेतकरी सरकारकडून भरपाई घेतो आणि त्यातून शेतावरचं कर्ज फिटतं, म्हणजे वैमानिकानं जिवाच्या मोलानं शेत घेतलं, असं सांगतात. दुसरे म्हणतात, निवृत्तीनंतर गावाकडे शेत घेऊन राहायचं हे वैमानिकांचं नेहमीचं स्वप्न होतं, मेल्यावर ते 'पुरं झालं'. ब्रिटिश फौजेत मात्र एकोणिसाव्या शतकापासून नुसतं 'बॉट इट' म्हणत, म्हणजे घेतलं, भोगलं. शेत त्याला नंतर चिकटलं असावं.

खलाशांचं मरण समुद्रातलं. बुडालेला 'डेव्ही जोन्सच्या लॉकर'मध्ये जातो. लॉकर म्हणजे खलाशाची कुलुपाची पेटी. डेव्ही जोन्स हा समुद्राच्या तळाचा भुतासारखा मालक, त्याचं नाव १७२६ पासून छापील पुस्तकांत येतं आणि १७५१ च्या एका कादंबरीत त्याला बशीएवढे डोळे आणि तीन रांगा दात दिले आहेत. हा जोन्स खरा कोण, हे ठरलेलं नाही. काही जण बायबलमधल्या देवमाशाच्या पोटात गेलेल्या योनाकडे बोट दाखवतात.

'बाइट द डस्ट', धूळ चावणे, हा मात्र फार लांबून आला आहे. होमरच्या 'इलियड' या महाकाव्यात ग्रीकांचा सेनापती अगामेम्नॉन प्रार्थना करतो की शत्रूकडच्या हेक्टरचे सोबती उपडे पडून दातांनी माती चावोत. इंग्रजीत 'धूळ चावणे' असं अठराव्या शतकाच्या मध्यापासून आढळतं आणि पुढे अमेरिकेच्या काउबॉयपटांनी त्याला घोड्यावरून पाडलं. आपल्याकडे धूळ चारली म्हणजे हरवलं, चारलेला माणूस उठून घरी जातो. इंग्रजीतला आता बहुतेक माणसांपेक्षा कंपन्यांना, योजनांना लागतो. बंद पडलेलं स्टार्टअप 'बिट द डस्ट'.

इंग्लंडच्या उत्तरेकडचा 'पॉप योर क्लॉग्ज' हा मला फार आवडायचा, पण सालाच्या परीक्षेत तोही लंगडतो. क्लॉग्ज म्हणजे लाकडी तळाचे बूट. लँकाशरच्या कापडगिरण्यांत कामगार ते घालत. तिथे हवा मुद्दाम दमट ठेवलेली असे, जमीन ओली आणि तेलकट असे, चामड्याचा तळ टिकत नसे. 'पॉप' म्हणजे गहाण टाकणं. जो बूट गहाण टाकतो त्याला आता चालायचं नाही. अर्थ चपखल बसतो. याच गिरण्यांशी मुंबईचं नातं होतं. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी चालू असताना तिथला कापूस बंद झाला, लँकाशर उपाशी पडलं आणि मुंबईच्या कापूस व्यापाऱ्यांवर पैशांचा पाऊस पडला. युद्ध संपताच तो बुडबुडाही फुटला. तर अशा गिरण्यांतून हा शब्द आला असता तर तो तेव्हाच्या पत्रांत, गाण्यांत, वर्तमानपत्रांत कुठेतरी दिसायला हवा होता. पण छापील पुरावा मिळतो तो थेट १९७० च्या आसपासचा, गिरण्या बंद पडत असताना. कदाचित कोणीतरी जुन्या गिरणगावाची आठवण काढत तो नव्यानंच रचला असेल.

याउलट 'डेड अॅज अ डोअरनेल' हा अस्सल जुना. दाराच्या खिळ्यासारखा मेलेला, म्हणजे ठार मेलेला. तो चौदाव्या शतकातल्या इंग्रजी काव्यांत सापडतो, शेक्सपिअरमध्ये आहे, आणि डिकन्सनं १८४३ मध्ये 'अ ख्रिसमस कॅरल'च्या पहिल्याच पानावर मार्ली नावाचा म्हातारा दाराच्या खिळ्यासारखा मेला होता असं लिहून पुढे विचारलं आहे की दाराच्या खिळ्यात एवढं मेलेलं काय असतं? त्याच्या मते शवपेटीचा खिळा जास्त मेलेला असायला हवा.

डिकन्सच्या प्रश्नाला सुताराकडे उत्तर आहे. जुनी दारं उभ्या फळ्यांची. मागून आडव्या पट्ट्या लावून फळ्या जोडायच्या. स्क्रू नव्हते, म्हणून लांब, मोठ्या डोक्याचा लोखंडी खिळा समोरून ठोकायचा, तो फळी आणि पट्टी दोन्ही भेदून मागे बोटभर बाहेर यायचा. मग ते बाहेर आलेलं टोक हातोडीनं वाकवायचं आणि लाकडात पुन्हा ठोकून बसवायचं. दार कितीही आपटलं तरी असा खिळा ढिला होत नाही. पण तो पुन्हा कशाला वापरताही येत नाही. साधा खिळा उपटून, सरळ करून दुसरीकडे चालतो, आणि लोखंड महाग असताना लोक तसं करतही. वाकवलेला खिळा संपला, त्याला सुतारकामात 'डेड'च म्हणत असं सांगतात. या वाक्प्रचाराची हीच फोड मला सगळ्यांत खात्रीची वाटते, कारण तिला राजा, प्लेग, भूत काही लागत नाही. हातोडी आणि काटकसर पुरते.

'गिव्ह अप द घोस्ट' सोळाव्या शतकातल्या इंग्रजी बायबलांमधला आणि १६११ च्या किंग जेम्स बायबलमुळे घरोघरी गेलेला. तिथे येशू क्रुसावर प्राण सोडतो ते याच शब्दांत. घोस्ट म्हणजे तेव्हा भूत नव्हे, प्राण, आत्मा. आपलं 'प्राण सोडला' आणि ते अगदी एक. आज हा वाक्प्रचार माणसांपेक्षा यंत्रांना जास्त लागतो. जुनी गाडी, लॅपटॉप, फ्रिज 'गेव्ह अप द घोस्ट'. आपणही मिक्सरनं मान टाकली म्हणतोच.

यातलं कुठे काय चालतं, हे परदेशात नोकरी करणाऱ्यांना किंवा तिथल्या सहकाऱ्यांना रोज मेल लिहिणाऱ्यांना ठाऊक हवं. 'किक द बकेट', 'पॉप योर क्लॉग्ज', 'पुशिंग अप डेझीज' हे आपल्या 'गचकला', 'खपला' यांच्या पंगतीतले. स्वतःच्या मरणाबद्दल, ऐतिहासिक किंवा काल्पनिक माणसाबद्दल, जवळच्या मित्रांत ते चालतात. कुणाचे वडील गेले असताना चालत नाहीत, मग ते वडील कितीही वृद्ध असोत. तिथे 'पास्ड अवे' लिहावं.

आपला 'एक्स्पायर झाले' मात्र सांभाळून. आपल्याकडे दवाखान्यात, पोलिसांच्या कागदावर, शेजारच्या काकूंच्या बोलण्यातही तो आदरानं येतो. ब्रिटन-अमेरिकेत रोजच्या वापरात एक्स्पायर होतो तो पासपोर्ट, औषध किंवा दूध. 'माय फादर एक्स्पायर्ड' म्हटलं तर कळेल, पण ऐकणारा क्षणभर अडखळेल.

आणि एका ठिकाणी तिथली मंडळी आता 'पास्ड अवे'सुद्धा टाळायला सांगतात. ब्रिटनमध्ये डॉक्टर-नर्सना वाईट बातमी सांगायचं शिक्षण देतात, तेव्हा नातेवाइकांसमोर 'डाइड' हाच शब्द स्पष्ट उच्चारायला शिकवतात. 'ही हॅज गॉन', 'वी लॉस्ट हिम' असं म्हटलं की धक्क्यात असलेला माणूस विचारतो, "कुठे गेला? दुसऱ्या वॉर्डात हलवलं का?" लहान मुलांबाबत तर हे फारच जपतात. आजोबा झोपले म्हटलं की मूल त्या रात्री स्वतः झोपायला घाबरतं. देवाघरी गेले म्हटलं की विचारतं, परत कधी येणार. त्यामुळे तिथले समुपदेशक पालकांना सांगतात : आजोबा मेले, त्यांचं शरीर आता चालत नाही, त्यांना आता दुखत नाही, असं मुलाला सरळ सांगा, आणि ते जितक्यांदा विचारेल तितक्यांदा तेच उत्तर द्या.